नाकाचा पहारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. शेजारची मुलगी वाटी परत द्यायला आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "काकू, गॅसचा वास येतोय!" शेगडीचं एक बटण पुरतं बंद झालं नव्हतं. तिला जे दारात कळलं, ते शेगडीशेजारी बसून मला कळलं नाही. असं का झालं, तेच आज सांगायचं आहे.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. तो मुद्दाम मिसळलेला असतो. 1937 साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, न्यू लंडन गावच्या शाळेखाली बिनवासाचा वायू साठत गेला. कुणालाच पत्ता लागला नाही. स्फोटात सुमारे 300 मुलं आणि शिक्षक दगावले. त्यानंतर वायूत वास मिसळण्याचा कायदा तिथे झाला. आपल्या गॅसमध्ये त्यासाठी इथाइल मरकॅप्टन घालतात. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला, तरी नाक तो टिपतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवातलं अ‍ॅसिटोन मात्र दहा लाख भागांत निदान काही भाग असावं लागतं, तेव्हा कुठे जाणवतं. नाक एकच, पण हजारो पटींचा फरक!

पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासात जिओस्मिन हे द्रव्य असतं. मातीतले जिवाणू ते तयार करतात. लिटरभर पाण्यात त्याचे दहा नॅनोग्रॅम आपल्याला पुरतात. म्हणजे पंचवीस लाख लिटरच्या जलतरण तलावात तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढं!

इतकं तीक्ष्ण नाक मोजमापाला मात्र कच्चं आहे. देवापुढे एका उदबत्तीऐवजी दोन लावा. धूर दुप्पट होतो, वास दुप्पट वाटत नाही. द्रव्य वाढतं त्या मानाने वासाची जाणीव फार सावकाश वाढते. शिवाय एकच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. घरात सुके बोंबील भाजले, तर पाहुण्याला जिन्यातच कळतं. भाजणाऱ्याला काही वाटत नाही. माझंही तेच झालं होतं. गॅस हळूहळू सुटत होता आणि माझं नाक त्याला सरावत गेलं.

गटारात तर हे जिवावर बेततं. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचं प्रमाण शंभराच्या वर गेलं, की थोड्याच वेळात घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि विष तर तिथेच असतं. माणसाला सफाईसाठी असं संरक्षणाशिवाय गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसं उतरवली जातात आणि मरतात. हे थांबलंच पाहिजे.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरून आलेलं कुणी "वास येतोय" म्हणालं, तर "मला नाही येत" म्हणून ते उडवून लावू नका. ताज्या नाकावर विश्वास ठेवा. घरात वयस्कर माणूस असेल, कुणाला सर्दी असेल किंवा कोविडनंतर वास येईनासा झाला असेल, तर तिथे दुसऱ्याने लक्ष ठेवायला हवं. गॅसचा वास आलाच, तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कोणतंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. सगळे बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावरच 1906 या क्रमांकावर फोन करा.