तूर गावाची, डाळ कुणाची?



एकादशीला महाराष्ट्रात घरोघरी शिजणारा साबुदाणा प्रामुख्याने येतो तामिळनाडूतील सेलम परिसरातून. तेथील लहान कारखानदारांनी १९८१ साली ‘सॅगोसर्व्ह’ ही सहकारी संस्था उभारली. माल गोदामात ठेवायचा, त्यावर उचल घ्यायची आणि भाव पाहून निविदेने विकायचा. यंत्रे त्यांच्याकडे आधीही होती. नव्हती ती थांबण्याची ऐपत.

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या ओळींमध्ये उभी राहणारी तूर याच ऐपतीपाशी अडते. दारव्हा, दिग्रस, पुसदची तूर पोत्यांत भरून बाजार समितीत जाते आणि डाळ होऊन त्याच गावच्या दुकानात परतते. गावात ती भरडायला काय हवे? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिल कधीच विकसित केली आहे. कौशल्यही परके नाही. तुरीचे टरफल डिंकासारख्या द्रव्याने दाण्याला घट्ट चिकटलेले असते. ओरखडे पाडून, तेलपाणी चोळून, उन्हात वाळवून ते सैल करावे लागते, हे जात्यावर डाळ काढणाऱ्या प्रत्येक आजीला ठाऊक होते. चुरी आणि टरफल गोठ्यात जाते, वाया काही जात नाही.

मग अडते कुठे? तूर घरात येते ती हिवाळ्याच्या अखेरीस; डाळ विकली जाते वर्षभर. मधले महिने तूर धरून ठेवायला पैसा लागतो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. म्हणजे पन्नास क्विंटलसाठी चार लाख! शिवाय धोका आहेच. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, आणि २०१७ साली तुरीचे भाव असे कोसळले की खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. महागात घेतलेला साठा अशा वर्षी मोठी मिल पचवते, लहान मिल बंद पडते.

२०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान ठेवले गेले. त्याची जाहिरात पुष्कळ झाली. बचत गटाच्या दर सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंतचे बीजभांडवलही त्यातच होते. ते मात्र फारसे कोणाच्या बोलण्यात आले नाही. एकटीच्या ४० हजारांत पाच क्विंटल तूर येते. दहा जणींनी ते एकत्र ठेवले, तर पन्नास.