वडिलांची खोली



आयोजकांनी मला बँकेतल्या अनुभवाविषयी बोलायला सांगितले आहे. माझी बरीच वर्षे गृहकर्ज विभागात गेली, म्हणून घराविषयीच बोलते.

लालबाग-परळच्या चाळींतली आपण मुले एकाच बाकावर बसलो. पुढे अनेकांचे पगारही सारखेच होते. तरी आज कुणाच्या नावावर कोटीचे घर आहे, तर कुणी अजून भाड्याने राहतो. त्यात हुशारीचा वाटा थोडा आणि वडिलांच्या खोलीचा मोठा.

१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर रोखली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यानंतर आलेल्यांना ते नव्हते. उपकरप्राप्त चाळ पुनर्विकासाला गेली, की भाडेकरूच्या कुटुंबाला मालकीची सदनिका विनामूल्य मिळते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मात्र सामान उचलावे लागते.

हा फरक पुढच्या पिढीत वाढतो. ७५ लाखांहून मोठे कर्ज बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे कोटीच्या घरासाठी २५ लाख आधी गाठीला हवेत. मुद्रांक शुल्क वेगळे. माझ्या टेबलासमोर सारख्या पगाराची मुले बसत. एकाच्या पाठीशी वडिलांचे घर असे, दुसऱ्याच्या डोक्यावर वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च. काम कुणाचे होणार, हे अर्ज पाहताच कळे.

मैत्रिणींनो, आपले तर आणखी निराळे. भाडेहक्क आधी जातो तो भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. सासरी गेलेली लेक मागे राहते. मालकीच्या घरात, वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर, हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६पासून लेकीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. पण माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते.

आता आपण साठीत आहोत. मृत्युपत्र करण्याची पाळी आपली आहे. त्यात लेकीचे नाव लिहा, आणि तिच्याकडून सही मागू नका. ज्यांना वडिलांकडून छप्पर मिळाले, त्यांनी भाड्याने राहणाऱ्या मित्राला ‘इतकी वर्षे काय केलेस?’ असे विचारू नये. त्यानेही आयुष्यभर कष्टच केले आहेत.