परमुलुखांतील पंतोजी

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सभेंत एका शिक्षकानेंही चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. रोहिणखेडच्या माझ्यासारख्या पंतोजीपाशीं स्वतःविषयीं सांगण्याजोगें फारसें नाहीं. म्हणून दुसऱ्याच एका पंतोजीची हकीकत सांगतों. तो आपल्या मुलुखाचा नव्हता. साता समुद्रांपलीकडून आला आणि खेड्यापाड्यांच्या देवळांत लेकरांस शिकवीत येथेंच देह ठेविला.

आपल्यांपैकीं पुष्कळांनीं रोहिणखेडची जुनी मशीद पाहिली असेल. घाटाच्या पायथ्याच्या या गांवीं खुदावंतखान महदवी यानें ती १५८२ सालीं बांधिली. गांवापाशीं १४३७ आणि १५९० सालीं दोन मोठ्या लढाया झाल्या, आणि इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या गांवाचें नांव येतें तें तेवढ्यापुरतेंच. मला मात्र त्या मशिदीवरून जातांना निराळेंच स्मरण होतें. तिचे चिरे बसत होते त्याच सुमारास गोव्याच्या साष्टी महालांत एक तरुण इंग्रज पाद्री इकडच्या भाषेचे धडे गिरवीत होता. फादर थॉमस स्टीफन्स तो हाच.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत त्याचा जन्म झाला. त्या देशांत तेव्हां पवित्र मिस्सेस बंदी होती. म्हणून तो रोमेस गेला, १५७५ सालीं येशूसंघांत शिरला, आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून जहाजांत बसून २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. वडिलांस धाडिलेल्या पत्रांत त्यानें या सफरीचें सविस्तर वर्णन केलें आहे. जहाजावर १५० हून अधिक माणसें आजारी पडलीं आणि २७ दगावलीं. इतर सफरींच्या मानानें हा आकडा लहानच समजत.

मंडळी, परक्या देशांत आलेल्या शिक्षकापुढें दोन वाटा असतात. मुलांस आपली भाषा शिकवून मग धडा सांगावा, ही एक. अथवा आपण मुलांची भाषा शिकावी. पहिली वाट सोपी, आणि राज्य आपल्याच धर्मबांधवांचें असलें म्हणजे तर फारच सोपी. स्टीफन्सनें दुसरी धरिली. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत तो कळवितो कीं, येथें भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानास गोड लागतात, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशीं मिळती आहे. संस्कृताविषयीं हाच विचार सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास मांडिला तो १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं. स्टीफन्स येऊन तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं!

त्या काळाचें सगळेंच मी उजळ करून सांगणार नाहीं. साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं. लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीस गांवकऱ्यांनीं फादर रुदोल्फ अक्वाविवा यांच्यासह येशूसंघाचे पांच जण मारिले. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या मुख्यांस बोलावून घेऊन विश्वासघातानें ठार केलें. दोन्हीकडचें रक्त सांडलेल्या या भूमींत स्टीफन्स मुलांपुढें उभा राहिला. कोणी म्हणेल, अशा ठिकाणीं शाळा ती कसली? मलाही हा प्रश्न पडतो, आणि त्याचें उत्तर मला थोडेंबहुत सांपडतें तें त्याच्याच ग्रंथांत.

आपल्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं त्यानें एक प्रसंग घातला आहे. रविवारीं देवळांत दोत्रिना, म्हणजे धर्मशिक्षण, चाललें असतां श्रोत्यांपैकीं एक जण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्जिलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां रचून देत नाहीं? शिकविणाऱ्यास हा प्रश्न झोंबणारा आहे. तुम्हीं आमच्याकडून घेतलें काय आणि दिलें काय, असाच त्याचा रोंख आहे. स्टीफन्सनें प्रश्नकर्त्यास गप्प बसविलें नाहीं. त्याचा प्रश्न ग्रंथाच्या दारांतच मांडून ठेविला, आणि उत्तर म्हणून सुमारें ११,००० ओव्या रचिल्या. तें पुराण १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांतून निघालें, तेव्हां त्यास गोव्यांत येऊन ३७ वर्षें होत आलीं होतीं.

त्यांतली भाषा पाहा. प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, जुन्या कवींचे अवघड शब्द आपण टाळिले, आणि सामान्य माणसास उमजावें म्हणून त्या काळच्या ब्राह्मणी बोलींतील सोपे शब्द मराठींत मिसळिले. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो. कारण तो शब्द ऐकणाऱ्याच्या घरांत आधींपासून होता. मराठीची त्यानें केलेली स्तुति शाळेंतल्या पुस्तकांतून अनेकांच्या परिचयाची आहे. पण मला त्या स्तुतीहून हे साधे शब्द निवडणेंच अधिक मोलाचें वाटतें. भाषेची वाखाणणी पाहुणाही करतो.

१६०८ सालीं त्यानें रोमेंतील वरिष्ठांस लिहून येथील लिपीचे ठसे पाडण्याची इच्छा कळविली. अडचण अशी कीं, रोमन अक्षरें थोडकीं, आणि आपल्या जोडाक्षरांसह ठसे ६०० च्या घरांत जात. तें काम झालें नाहीं. पुराण रोमन लिपींतच छापलें गेलें. १६१९ सालीं तो वारला. त्याचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं बाहेर आलें. भारतीय भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून तें ओळखलें जातें. आणि १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें फर्मान काढिलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें! पुराणाच्या त्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. लोकांनीं हातानें नकलून घेतलेल्या प्रतींवरून तें १९०७ सालीं मंगळुरास पुन्हा छापलें, आणि देवनागरींत पुण्यास १९५६ सालीं.

आतां माझी एक गोष्ट सांगून रजा घेतों. ती माझ्या चुकीची आहे.

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक सातआठ वर्षांचा मुलगा प्रभूची प्रार्थना म्हणत होता. घरच्या वऱ्हाडी वळणानें तो ‘आमाले’ म्हणाला. मीं त्यास मध्येंच थांबवून म्हटलें, ‘आम्हांला’ म्हण. वर्ग हंसला. तो पुन्हा आरंभापासून म्हणूं लागला, त्याच शब्दाशीं येऊन अडखळला आणि खालीं बसला. त्यानंतर कित्येक रविवार तो प्रार्थनेस नुसते ओठ हालवी. त्याच्या आईनें मला कांहीं बोल लाविला नाहीं. एवढेंच म्हणाली, “गुरुजी, हा आतां घरी बी मोठ्यानं म्हनत नाई.”

मंडळी, मी परदेशांत शिकविण्यास गेलों नव्हतों. माझ्याच तालुक्यांत होतों. तरी त्या लेकराच्या व देवाच्या मध्यें मी परमुलुखांतला होऊन उभा राहिलों. त्या दिवसांत ख्रिस्तपुराण माझ्या टेबलावर होतें. पण तें वाचणें निराळें.

एका रविवारीं मीं त्यास जवळ बोलाविलें आणि म्हटलें, आज प्रार्थना मी तुझ्या बोलींत म्हणतों. चुकलें तर सांग. मी म्हणूं लागलों. पहिल्याच ओळींत चुकलों. मुलें हंसलीं. तो हंसला नाहीं. माझ्या बाहीस धरून हळूंच म्हणाला, “असं नाई, गुरुजी. माह्या मागं म्हना.”

आणि त्यानें मोठ्यानें म्हणण्यास आरंभ केला.