आभाळ भरलं की मन खचतं?

आषाढ लागला की इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. भाताच्या आवणीत कंबर मोडते, घरात ओलं सरपण धुमसतं. अशात वैताग येणारच. त्याला आजार म्हणायचं नाही.

पण एखादीचं मन दर वर्षी त्याच दिवसांत खचतं आणि ऋतू पालटला की परत उभारी धरतं. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातल्या अशा उदासीचं वर्णन केलं. तिथं हिवाळ्यात दिवस फार लहान, उजेड कमी. कुणाला हे उन्हाळ्यातही होतं.

आपलं आपण कसं ओळखायचं? भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री खूण करा. दिवसभर मन उदास होतं, किंवा आवडीच्या कशातच जीव रमला नाही, तर फुली. झोप, भूक बिघडली तर शेजारी टिंब. दोन आठवडे बहुतेक फुल्याच दिसल्या, तर आरोग्य केंद्रात जा. ‘आळशी झाली’ म्हणणारे म्हणोत. रक्तही तपासून घ्या. अंगात रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो.

मागची सालं सणांवरून आठवा. गेल्या पंचमीला झोका घ्यावासा वाटला होता का? त्याआधीच्या पंचमीला? हे डॉक्टरांना सांगा.

जगणं नको वाटलं, तर मात्र दोन आठवडे थांबू नका. त्याच घडीला जवळच्या बाईला सांगा, १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानसचा हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.