थिबा राजवाड्यातील स्वरप्रयोग



‘प्रयोग’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. नाटक रंगमंचावर उभे राहते तेव्हा त्याचा प्रयोग होतो आणि पूर्वी कोणी न केलेली गोष्ट करून पाहिली, तर तोही प्रयोगच. आपल्या संगीतात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. काल गाइलेला राग गवयाने आज पुन्हा मांडला, तरी तो कालचा राहत नाही. तेव्हा प्रयोगशीलता ही काही बाहेरून आणावयाची वस्तू नव्हे. नवा प्रयोग धीराने ऐकून घेणारा श्रोता लहान शहरात कसा तयार होतो, हा खरा प्रश्न आहे.

रत्नागिरीत या प्रश्नाचे एक उत्तर थिबा राजवाड्याच्या आवारात मिळते. आर्ट सर्कल ही स्थानिक संस्था जानेवारीच्या सुमारास तेथे कला-संगीत महोत्सव भरवीत आली आहे. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणण्यात आले आणि १९१० मध्ये हा राजवाडा त्याच्यासाठी उभा राहिला. तेथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. बंदिवासाची ही वास्तू आज सुरांच्या बैठकीस जागा देते, ही गोष्ट सुखावणारी आहे. मात्र मोकळ्या आवारातील मैफल कलावंताची परीक्षा पाहते. वर छत नसल्याने सूर परतून येत नाही, सारा भार ध्वनिक्षेपकावर पडतो. खाडीवरून येणारी दमट हवा तबल्याची पुडी सैल करते आणि लावलेला स्वर उतरू लागतो. अशा ठिकाणी रसिक थंडीत बसून राहतात, यावरून त्यांच्या तयारीची कल्पना येते.

ही तयारी एका रात्रीत झालेली नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ मध्ये बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, तर गायन मास्टर दीनानाथांचे. दीनानाथांचा तो चपळ, पंजाबी वळणाचा गळा त्या काळी नवाच होता. पुढे १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’च्या निमित्ताने जितेंद्र अभिषेकी यांनी नाट्यपदाला नवे वळण दिले. राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोगही रत्नागिरीकरांनी ऐकले आहेत. नाट्यपदावर वाढलेला हा कान रागाला परका नाही आणि रागातील फेरफारालाही नाही.

प्रयोग याहून खोलवर कसा जातो, हे कुमार गंधर्वांनी दाखविले. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा गायक क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये देवासला राहावयास गेला. अनेक वर्षे गाणे बंद होते. त्या काळात माळव्यातील स्त्रियांची, वाटसरूंची गाणी त्यांच्या कानी पडत राहिली. त्या धुनांच्या बीजातून त्यांनी पुढे नवे राग घडविले आणि ते ‘अनूपरागविलास’मध्ये ग्रथित केले. टीका झाली, पण राग टिकले. लोकधुनेला मैफलीत मानाचे स्थान मिळाले ते दयेपोटी नव्हे, तिच्यातील स्वरसामर्थ्यामुळे.

कोकणात अशी सामग्री दारातच आहे. नमनातील गण-गौळण, मृदंग आणि झांज, जाखडीतील शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब, शिमग्यात पालखी नाचविताना वाजणारा ढोल, यांत लयीची किती तरी रूपे आहेत. जाखडीचे शाहीर चालू काळातील चाली बेधडक उचलतात. सोवळ्या रसिकाला ते खटकते, परंतु प्रयोगाचे धाडस त्यांच्यापाशीही आहे, हे नाकारता येणार नाही. जुन्या चाली मात्र वयस्कांच्या कंठातच उरल्या आहेत. मंडळातील तरुण नोकरीसाठी मुंबईस गेला की त्या शिकणारा गावात राहत नाही.

नव्या संगीताच्या महोत्सवाला उद्या येथील मातीचा सूर हवा असेल, तर तो आज जपून ठेवावा लागेल. यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेतील शिक्षकाने गावच्या मृदंगवादकाला वर्गात बोलवावे, मुलांना ठेका हाताने धरू द्यावा. ग्रामपंचायतीने नमन मंडळाची पदे भ्रमणध्वनीवर का होईना ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि प्रत्येक मुद्रणासोबत गाव, वाडी, गाणाऱ्याचे नाव, चाल कोणाकडून आली आणि कोणत्या वर्षी नोंदविली, एवढे लिहून ठेवावे. शिमग्यात चाकरमानी गावी आलेले असतात आणि वाड्यावाड्यांतील मंडळी एकत्र भेटतात. या कामाला तेच दिवस सोयीचे.