आपला इतिहास कोणाच्या दप्तरात?

(पाड्यांच्या प्रतिनिधींच्या शिबिरात केलेलं भाषण. बऱ्याच जणांनी मागितलं म्हणून बुलेटिनसाठी लिहून काढलं. बोलले तसंच ठेवलं आहे.)



मी बारावीपर्यंत शिकले. वकील नाय, प्रोफेसर नाय. चार वर्षं झाली, आपल्या दाव्यांच्या फायली घेऊन तालुक्याला जाते-येते. तिथं बाकड्यावर बसून जे कळलं तेवढंच सांगणार आहे. विषय एकच, कागद.

आधी माझ्या घरची गोष्ट. माझा आजा नाल्याच्या वरच्या अंगाला नाचणी-वरई करायचा. दर साली गार्ड यायचा, दंड घ्यायचा, कधी पावती द्यायचा, कधी नाय. मिळालेल्या पावत्या आज्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुडात खोचून ठेवलेल्या. माझ्या आतेचं लग्न निघालं. घर सारवलं, चौक काढायला भिंत तयार केली. तेव्हा आज्यानं ती पिशवी काढली आणि चुलीत घातली. म्हणाला, लग्नाच्या घरात चोरीचा कागद नको.

आज्याला वाटलं तो चोरीचा कागद. आजी सांगते, पिशवी चांगली जाड होती.

मग वनहक्क कायदा आला. काकानं दावा भरला. दावा परत आला, वर शेरा, ‘पुरावा नाही’. ज्या जमिनीसाठी आज्यानं आयुष्यभर दंड भरला, तिथं तो कधी होता याचा पुरावा नाय! आणि पुरावा होता, बायांनो. आमच्याच चुलीत गेला.

मी आज्याला दोष देत नाय. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा कागद होऊ शकतो. गार्डनं पावतीवर लिहिलं की अमुक माणसानं अमुक साली अमुक जागी जंगल तोडून शेती केली. त्यानं लिहिलं आपल्याला गुन्हेगार ठरवायला. पण आज वाचलं तर त्याचा अर्थ काय होतो? सरकार आपल्याच सहीनं सांगतं की त्या साली तो माणूस त्या जागी शेती करत होता. आपल्याला दुसरं काय सिद्ध करायचं आहे?

दुसरी गोष्ट. पावतीचा एक भाग आपल्याकडं, एक भाग त्यांच्या बुकात. आपला जळला म्हणून त्यांचा जळत नाय. म्हणून आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एका कार्यालयातून उत्तर आलं, जुने अभिलेख जीर्ण झाल्याने नष्ट केले. काका म्हणाला, संपलं. मला पण दोन दिवस तसंच वाटलं. मग मला सांगितलं गेलं की सरकार एकच गोष्ट एका जागी लिहीत नाय. गार्ड लिहितो, रेंज लिहितं, तलाठी लिहितो, तहसील लिहितं, भूमी अभिलेखवाले नकाशा काढतात, वरचा साहेब रिपोर्ट लिहितो. एका घरात उधई लागली म्हणून सगळ्या गावात लागत नाय.

मग हे जुने कागद जातात कुठं? थोडे तहसीलच्या अभिलेख कक्षात. थोडे भूमी अभिलेखच्या ऑफिसात. आणि फार जुने, मोठे, जातात पुराभिलेखागारात. हे नाव मी पण आधी ऐकलं नव्हतं. मुंबईत काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत आहे. तिथं राज्याचं पुराभिलेखागार आहे. इंग्रजांनी १८२१ साली ते दप्तर सुरू केलं. पुण्याला पेशवे दप्तर आहे, तिथं मोडी लिपीतले कागद कापडाच्या रुमालात बांधून ठेवलेत. आपण भाकरी बांधतो तसे गठ्ठे, हजारो. पुण्यालाच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथं आपल्या लोकांची भांडी, वाद्यं, दागिने ठेवलेत.

मी मुंबईला गेले तेव्हा मनात भीती होती. एवढी मोठी इमारत, आपल्याला आत कोण घेणार? पण हे दप्तर राज्याचं आहे, म्हणजे आपलं पण आहे. अर्ज करावा लागतो, ओळखपत्र लागतं, कागद शोधायला वेळ लागतो. घाई करून चालत नाय.

तिथं आपल्याबद्दल काय काय लिहिलंय? १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात वारली, कातकरी, ठाकूर यांच्याबद्दल पानंच्या पानं आहेत. १८७८ साली जंगल कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी पडायला लागल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यातून एवढ्या तक्रारी गेल्या की सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा रिपोर्ट १८८७ चा आहे. म्हणजे जंगलाचं भांडण आपण काल-परवा काढलेलं नाय. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या भागातली माणसं हेच सांगत होती आणि सरकारच्याच कागदात ते नोंदलेलं आहे.

पुढं १९३७ साली मुंबई सरकारनं सिमिंग्टन नावाचा साहेब नेमला, आदिवासींची हालत बघायला. त्याचा रिपोर्ट १९३९ चा. वेठ, सावकाराचं कर्ज, लग्नगडी, सगळं त्यात आहे. लग्नासाठी थोडे पैसे घ्यायचे आणि नवरा-बायको दोघांनी शेठकडं राबायचं. आजी हे सांगायची तेव्हा आम्ही पोरं म्हणायचो, आजी वाढवून सांगते. आजी वाढवून सांगत नव्हती. साहेबाच्या रिपोर्टात तेच आहे.

पण एक लक्षात ठेवा. हे सगळं त्यांनी लिहिलेलं. लेखणी त्यांची, भाषा त्यांची. कुठं आपल्याला आळशी म्हटलंय, कुठं अडाणी, कुठं जंगल नासवणारे. वाचताना डोक्यात राग जातो. म्हणून तो कागद कसा वाचायचा हे शिकावं लागतं. शिव्या बाजूला काढायच्या, तांदळातले खडे काढतो तशा. मागं काय राहतं ते बघायचं. गावाचं नाव, साल, माणसाचं नाव, नाल्याचं नाव, किती दंड. ते आपलं.

आणि जिथं आपली माणसं उठली तिथं पण कागद आहे. १९४५ साली जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं आपले वारली गेले. २३ मे १९४५ ला झरीला आपली सभा झाली. वेठ करायची नाय असं ठरलं. मग गवत कापायच्या मजुरीचा संप. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोदावरी परुळेकरांनी पुढं पुस्तक लिहिलं, ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७० साली. ते पुस्तक नसतं तर आज आपल्याकडं काय असतं? सरकारचा कागद असता आणि जमीनदाराची तक्रार असती.

पण गोदूताई एकट्या, आपले पाडे शेकडो. त्या रात्री तिथं बसलेल्या बाया, गोळी लागलेल्याला उचलून नेणारे गडी, लपवून ठेवणारी घरं, यातलं किती लिहिलं गेलं? ज्यांनी ते बघितलं अशी डोसा-डोशी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. एक डोशी गेली की एक दप्तर जातं, आणि त्या दप्तराची दुसरी प्रत काळाघोड्याला नाय.

आता कायद्याकडं येते. वनहक्क कायद्याच्या नियमात १३ वा नियम आहे, पुराव्यांचा. पाठ करून ठेवा. गॅझेटियर चालतं. जनगणना, सर्वे, नकाशे, वन खात्याचे कार्य आयोजनेचे कागद, चौकशीचे अहवाल चालतात. कोर्टाचे कागद चालतात. जुन्या संस्थानांचे कागद चालतात. घर, बांध, सपाटीकरण, विहीर, मसणवट, देवाची जागा चालते. जुन्या कागदात ज्याचं नाव आहे त्याच्याशी आपलं नातं दाखवणारी वंशावळ चालते. आणि गावातल्या जुन्या माणसाचा लेखी जबाब चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. यातले कमीत कमी दोन पुरावे लागतात. २०१२ साली नियमात दुरुस्ती झाली, तिच्यात सांगितलंय की अमुकच एक कागद आणा म्हणून समितीनं अडून बसायचं नाय. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि उपविभागीय समितीनं फेटाळला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येतं. ६० दिवस! कागद मिळाल्याची तारीख त्याच दिवशी मागं लिहून ठेवा.

आपल्याला दाखवायचं आहे १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं. आपल्या पाड्यात जे बिगर-आदिवासी गरीब शेजारी आहेत त्यांना तर ७५ वर्षांची राहणूक दाखवायची आहे. त्यांना जुने कागद आपल्यापेक्षा जास्त लागतात. शोधायला जाल तेव्हा त्यांच्यासाठी पण शोधा.

शोधताना एक खुबी आहे. गाव हलत नाय, पण गावाचा पत्ता हलतो. पालघर जिल्हा झाला २०१४ साली, त्याआधीचं सगळं ठाण्याच्या नावावर. तलासरीचे जुने कागद बघायचे तर उंबरगाव तालुका बघा, १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं. जव्हार तर संस्थान होतं, त्याचे कागद संस्थानाच्या नावावर. आजचा पत्ता टाकून अर्ज केला की उत्तर येतं, आढळून येत नाही. कागद असतो, पत्ता चुकलेला असतो.

आता प्रत्येक पाड्यानं काय करायचं ते सांगते.

पहिलं, पाड्यासाठी एक पत्र्याची पेटी घ्या. आत कडुलिंबाचा पाला टाका, चुलीच्या धुरापासून आणि गळक्या कौलापासून लांब ठेवा. ती पेटी वनहक्क समितीची, कोणा एकाच्या घरची नाय. चावी दोघांकडं, त्यात एक बाई.

दुसरं, घराघरातून कागद गोळा करा. दंडाची पावती, एकसाली प्लॉटचा कागद, दळीचा कागद, जुनं रेशनकार्ड, घरपट्टी, कोर्टाचं समन्स, कशालाच रद्दी म्हणू नका. मूळ कागद कोणत्याही ऑफिसात सोडून येऊ नका. झेरॉक्स द्या, आणि दिलेल्याची पोच घ्या.

तिसरं, डोसा-डोशींचे जबाब या पावसाळ्याच्या आत घ्या. साल आठवत नसेल तर विचारा, कोणत्या दुष्काळाच्या आधी, कोणाच्या लग्नाच्या मागं. नाल्याचं नाव, माळाचं नाव, देवाच्या झाडाचं नाव लिहा. पोरांकडं मोबाईल आहेत, गाणी भरता तसं आजीचं बोलणं पण भरा. मग कागदावर उतरवा, वाचून दाखवा, अंगठा घ्या.

चौथं, धवलेरींना विसरू नका. लग्नात त्या जे गातात त्यात कणसरीची कथा आहे, आपला धर्म आहे, आपल्या जागांची नावं आहेत. चालीरीतींची नोंद हा पण नियमातला पुरावा आहे. उद्या दावा मिळाला आणि गाणं गेलं, तर जमीन राहील, पण आपण तिथले कोण हे पोरांना कोण सांगणार?

पाचवं, हे बुलेटिन. स्टेन्सिल कापून, हात काळे करून आपण छापतो. वाचून झालं की चूल पेटवायला घेऊ नका! प्रत्येक अंकाची एक प्रत पेटीत ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं की तुमच्या पाड्यानं काय केलं, तर ते आपल्याच शब्दात असेल.

शेवटी काकाच्या दाव्याचं सांगते. आम्ही जिल्हा समितीकडं अपील टाकलंय. आज्याच्या पावत्या नायत. पण शेजारच्या पाड्यातल्या दोन जुन्या माणसांचे जबाब आहेत, आज्यानं घातलेल्या दगडी बांधाचा पंचनामा आहे, आणि ‘अभिलेख नष्ट केले’ असं लिहिलेलं ते पत्र पण जोडलंय. म्हटलं, कागद तुम्ही सांभाळला नाय, त्याची शिक्षा आम्हाला कशी? निकाल अजून लागलेला नाय. लागेल तसा पुढच्या अंकात कळवीन, चांगला असो की वाईट.

आज घरी गेलात की कुडात, आढ्यावर, बाजेखाली हात घालून बघा. जे सापडेल ते चुलीत घालू नका. पेटीत घाला.

जंगल-जमीन आपली, कागद पण आपला.

जिंदाबाद!