पत्री, पेशी आणि औषध



आत्ताच आरती झाली. बाप्पापुढच्या पत्रीत दूर्वा, शमी, तुळस, माका आहेत, तशीच रुई, धोतरा आणि कण्हेरही आहे. मी कण्हेरीपासूनच सुरुवात करते.

वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. काम सांगायला सोपं आहे. पान सावलीत वाळवायचं, कुटायचं, अल्कोहोलमध्ये भिजवायचं, गाळून आटवायचं. मग ९६ खळग्यांची, तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली घ्यायची. एकेका खळग्यात कर्करोगाच्या काही हजार जिवंत पेशी, ३७ अंशांच्या उबेत वाढणाऱ्या. त्यांत अर्क कमी-जास्त प्रमाणात घालायचा, दोन दिवस थांबायचं आणि एक पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचा रंग जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत.

कण्हेरीचा अर्क घातला की जांभळा रंग जेमतेम दिसतो. मग औषध सापडलं का? तीच कण्हेर पोटात गेली तर हृदय बंद पाडते! नुसत्या पेशी काय, फिनेलनेही मरतात. म्हणून शेजारी निरोगी पेशी वाढवून त्यांनाही तोच अर्क द्यावा लागतो. त्या जगल्या तरच पुढचं बोलायचं.

मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावणारे इथे बसले असतील. कॅनडात नोबल आणि बिअर यांनी १९५०च्या दशकात त्याच समजुतीवरून उंदरांना हा अर्क दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्या धाग्यावरून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं मिळाली. ती शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. पानं चावून ती मिळत नाहीत.

आता घरची गोष्ट. आमच्या मामींना स्तनाचा कर्करोग झाला. दोन केमो झाल्यावर कुणीतरी वर्तमानपत्राचं कात्रण आणून दिलं, अमुक पानाने कर्करोगाच्या पेशी मरतात म्हणून. मामींनी केमो सोडली आणि चार महिने काढा घेतला. गाठ वाढली. कात्रण मी नंतर पाहिलं. काम आमच्याच प्रयोगशाळेतलं होतं. निरोगी पेशीही मेल्या होत्या, हे बातमीत नव्हतं. बातमीदाराला ते मी सांगितलंच नव्हतं. त्याने विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर नाव छापून येणार याचा मलाही आनंद झाला होता.

मामी पुन्हा उपचारांना गेल्या. सलाईनमधून पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतलं हे द्रव्य. त्याची रचना वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. औषध म्हणून मान्यता १९९२ला मिळाली. मधली एकवीस वर्षं तपासण्यांत गेली.

मी मामींच्या उशाशी बसून म्हटलं, "मामी, हेही झाडाचंच आहे."

त्या म्हणाल्या, "मग हे तेव्हा का नाही गं सांगितलंस?"